एकाच हातची चौऱ्याहत्तर पत्रे

"हे वाक्य तुझे आहे," मी म्हणालो.

हेमांगी वालावलकरने मी पुढे केलेला कागद हातात घेतला नाही. ती उभी होती, मी बसलो होतो, आणि आमच्या मधोमध टेबलावर चौऱ्याहत्तर पत्रांचा गठ्ठा होता.

"कोणतं वाक्य, सर?"

मी वाचून दाखवले. "‘कागद कोणत्याही यंत्रावर उघडला तरी त्याने एकच गोष्ट सांगितली पाहिजे; यंत्र बदलल्याने ज्याची साक्ष बदलते, त्याला दस्तऐवज म्हणता येत नाही.’ तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे दुकान चालवणारा माणूस असे वाक्य लिहितो, असे तुझे म्हणणे आहे?"

"माझं काहीच म्हणणं नाही. ही पत्रं मी लिहिलेली नाहीत, एवढंच."

"एका माणसाने लिहिले असते तर मी नवल करून सोडून दिले असते. चौऱ्याहत्तर माणसांनी लिहिले आहे. शब्दाला शब्द."

"मी नाही लिहिली, सर."

खिडकीपाशी उभे असलेले शिरोळकर साहेब आमच्याकडे वळले. कंपनी त्यांची होती. कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही अकरा माणसे मिळून ‘भूर्ज’ नावाचे सॉफ्टवेअर तयार करत होतो. पीडीएफ उघडणे, त्यातल्या चौकटींत मराठी मजकूर भरणे आणि भरलेले पान जसेच्या तसे छापणे, ही त्याची कामे. नाव मी सुचवले होते. त्याची मदतपुस्तिका मी लिहीत असे, आणि वापरणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे कामही माझ्याकडेच होते. या गोष्टीला आता चौदा वर्षे झाली. पण त्या शुक्रवारची वेळ मी अजूनही मिनिटामिनिटाने सांगू शकतो. हेमांगीवर मी आरोप केला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

भूर्ज फक्त विंडोजवर चालत असे. दोन वर्षांपासून लोक मागणी करत होते की ते इतर ऑपरेटिंग सिस्टिमवरही द्यावे. मॅकवाले थोडे होते आणि तुसडेपणाने लिहीत. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम वापरणारे पुष्कळ होते आणि आर्जवाने लिहीत. शेवटी शिरोळकरांनी जाहीर केले की मार्चअखेरपर्यंत लिनक्ससाठी तीनशे वेगवेगळ्या मागण्या आल्या तर आवृत्ती काढू; नाही तर हा विषय कायमचा बंद. मोजणी माझ्याकडे दिली आणि मोजणीचे नियमही मीच केले. नियम तीन होते. मागणीवर नाव, सही आणि पूर्ण पत्ता असावा. एका माणसाची एकच मागणी धरावी. आणि मजकूर सारखा असेल तर अशी कितीही पत्रे आली तरी ती एकच मागणी समजावी.

तिसऱ्या नियमासाठी मी बैठकीत अर्धा तास वाद घातला होता. ज्याला खरोखर काही हवे असते तो स्वतःचे शब्द शोधतो, मी म्हणालो होतो; जो उसने शब्द आणतो त्याची गरजही उसनी असते. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडले होते. हेमांगी एकटी विरोधात बोलली आणि हरली.

ती आमच्याकडे चार वर्षे होती. सांगितलेले काम संपले की ती आपण होऊन भूर्ज लिनक्सवर चालवण्याच्या खटपटीत असे, आणि अर्धेअधिक तिने जमवलेही होते. आवृत्ती निघावी अशी इच्छा तिच्याइतकी कोणाचीच नव्हती. तांत्रिक प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे तीच करी. ते मी चार वर्षे तांबड्या शाईने दुरुस्त करत आलो होतो. सुरुवातीला पान तांबडे होऊन परत जाई. त्या मार्चमध्ये एखाददुसरी खूण उरली होती. थोडक्यात, या इमारतीत माझ्यासारखे गद्य लिहू शकणारी दुसरी व्यक्ती एकच होती, आणि ती मी घडवली होती.

नियमाप्रमाणे धरलेल्या मागण्या दोनशे एक्केचाळीस झाल्या होत्या. शेवटच्या दहा दिवसांत ही चौऱ्याहत्तर पत्रे आली, सगळी नोंदणीकृत टपालाने, सगळी चार तालुक्यांतून. पहिला परिच्छेद एक, दुसरा एक, तिसरा एक. तळाशी सहीच्या वर हाताने काहीबाही खरडलेले होते. ते भरताड म्हणून मी सोडून दिले. सर्व धरली तर आकडा तीनशेच्या वर जात होता. नियमाने धरली तर एकने वाढत होता.

"नाडगौडा," शिरोळकर म्हणाले, "तुमची खात्री आहे?"

"भाषा ही माणसाच्या चालीसारखी असते. लांबून ओळखू येते."

"मला लांबून नको. लेखी द्या. चार वाजता बसू." मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, "हेमांगी, स्पष्ट सांगतो. पत्रं तू बनवली असशील तर आज तुझा शेवटचा दिवस. आणि उद्या दुसऱ्या कंपनीतून कुणी मला फोन करून विचारलं, तर मी खरं कारण सांगणार. पांघरूण घालणं मला जमत नाही."

पण ती बोलली ती माझ्याशी.

"तुम्ही यातल्या एकाला तरी फोन केलात, सर? खाली नंबर आहेत ना?"

"पत्राचा निवाडा पत्रावरूनच व्हावा."

"निवाडा!" ती म्हणाली. "मग कोर्ट उठलं का? आरोपीला चहा प्यायला जायची परवानगी आहे?"

शिरोळकरांनी हाताने जा अशी खूण केली. ती गेली. दार तिने आपटले नाही. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

मी निवेदन लिहायला बसलो. मला ते काम कठीण नव्हते. आरोप, आधार, अनुमान, निष्कर्ष, अशी मांडणी केली. वाक्यांची लांबी, ‘जो–तो’ची जोडवाक्ये रचण्याची लकब, विरुद्ध अर्थाची दोन वाक्ये अर्धविरामाने जोडण्याची सवय, या सर्वांचा तक्ता केला आणि शेजारच्या रकान्यात हेमांगीच्या मसुद्यांतली उदाहरणे दिली. अडीच वाजता मी शेवटच्या वाक्याशी आलो. ‘सबब, या पत्रांखाली सह्या करणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्षात अस्तित्वात नाहीत.’

वाक्य चांगले होते, पण मी ते पडताळलेले नव्हते. न पडताळलेले वाक्य मी आयुष्यात सहीच्या वर राहू दिलेले नाही; निदान तोपर्यंत तरी नव्हते. गठ्ठ्यातले सर्वांत वरचे पत्र मी घेतले. दौलत खिल्लारे, संगमेश्वर टंकलेखन केंद्र. फोन लागणार नाही, लागला तर चुकीच्या माणसाला लागेल, आणि निवेदनात तशी एक ओळ वाढवता येईल, अशा हिशेबाने मी नंबर फिरवला.

"संगमेश्वर टंकलेखन. बोला." आणि लगेच दुसऱ्याच कोणाला तरी, "आरं भाऊ, पासपोर्टचा फोटू पाहिजे, लगनातला नाही. हार काढ की त्यातला!"

"आपण श्री. दौलत खिल्लारे काय?"

"हाव, बोलायलो."

"मी पुण्याहून बोलतो आहे. भूर्जच्या कार्यालयातून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ए, गप बसा रे जरा! पुण्याचा फोन हाय. बोला साहेब, बोला. कव्हाची वाट बघायलोत. पत्र भेटलं का?"

"मिळाले. त्याबद्दलच विचारायचे आहे. त्यातला मजकूर आपणास कोणी लिहून दिला?"

"का हो साहेब? काही चुकलं का?"

"कोणी लिहून दिला, तेवढे सांगा."

"तुमच्याकडूनच आला की."

मी पेन उचलले. माझा हात स्थिर होता. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. "त्या बाईंचे नाव सांगा."

"कोण बाई? बाई न्हाई हो. तुमच्याकडं नाडगौडा साहेब हैत ना? त्यांनी."

मी पेन खाली ठेवले. त्याला वाटले की आवाज पोचला नाही. तो आणखी मोठ्याने म्हणाला, "नाडगौडा! ना–ड–गौ–डा!"

"ऐकू आले. नाडगौडांनी आपणास पत्र लिहून दिले? कधी?"

"दोन वर्षं झाली की. त्याचं असं झालं साहेब, माझ्याकडं एक जुनं मशीन होतं विंडोजचं. त्यावर तुमचं भूर्ज झकास चालायचं. ते मेलं. मग सरकारी योजनेतून नवी मशिनं आली, समद्यांनाच आली, त्यात लिनक्स. त्यात दुसरं काहीबी टाकलं तरी चौकटीत भरलेलं पडद्यावर दिसतंय आणि कागदावर कोरं निघतंय. नाव कोरं, गाव कोरं. अर्ज परत. म्या तुमाला पत्र धाडलं. रागातच लिवलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यावर साहेबाचं उत्तर आलं, की तुमची मागणी कळंना. मागणी अशी नसती मांडायची, अशी मांडायची. आणि संगं नमुना. थांबा, वाचून दाखवतो. भिंतीवरच हाय, लॅमिनेशन करून."

त्याने वाचले. ‘कागद कोणत्याही यंत्रावर उघडला तरी त्याने एकच गोष्ट सांगितली पाहिजे;’ अर्धविरामाशी तो जितके थांबायला हवे तितकाच थांबला. मग पुढचे. आपल्या पोरांना शाळेत पाठ करायला लावावे तसे त्याने ते अनेकदा वाचलेले असणार. मी डोळे मिटले. दोन वर्षांत मी काही हजार पत्रांना उत्तरे दिली होती. हे त्यांतले एक होते, आणि त्यातली लकब मी सकाळी एका मुलीच्या नावावर लावली होती.

"आणि खाली सूचना हैत बगा. ‘पत्र स्वयंपूर्ण असावे, मागील पत्रव्यवहाराचा उल्लेख करू नये. शेवटी, सहीच्या वर, आपल्या बाबतीत प्रत्यक्ष घडलेला प्रसंग दोन ओळींत, स्वतःच्या शब्दांत लिहावा.’ म्हणून वरचं टाईप केलं आणि खालचं ज्यानं त्यानं हातानं. तीनशे पाहिजेत असं तुमी जाहीर केलं, मग म्हणलं एकट्याचं कोण ऐकतंय. आमच्या संघटनेच्या बैठकीत चारी तालुक्यांना झेरॉक्स वाटल्या. समद्यांना सांगितलं, एक शब्द हलवायचा न्हाई. नमुन्यात नसलेला अर्ज परत येतो साहेब, आमी रोज बघतोत. तुमच्याकडून परत येऊ नाही म्हणून इतकी काळजी घेतली."

"घेतलीत खरी," मी म्हणालो.

"कडक माणूस हाय तुमचा साहेब. पण लिवतो एक नंबर. सांगा त्यांना."

"सांगतो."

"आणि खालच्या ओळी वाचल्या का त्यांनी?"

"वाचतील," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पडताळणी अर्धवट ठेवणे माझ्याच्याने होत नाही. मी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची जावक नोंदवही काढली. सतरा एप्रिलच्या खाली माझ्याच अक्षरात ओळ होती : ‘खिल्लारे, दौलत. मागणी अस्पष्ट. नमुना पाठवला.’ आता संशयाला जागा उरली नव्हती. तीन वाजायला दहा मिनिटे होती. मी गठ्ठा पुढे ओढला आणि सकाळी ज्याला भरताड म्हटले होते ते पहिल्यांदा वाचू लागलो.

वाचून झाल्यावर मी निवेदन फाडले आणि नवा कागद घेतला.

आता मी जे केले ते सांगणे भाग आहे. खरे काय ते मला ठाऊक होते. सांगायला चार वाक्ये पुरली असती. पण त्या चार वाक्यांत मी अकरा माणसांसमोर कसा दिसेन, तेही मला ठाऊक होते. स्वतःचेच गद्य ज्याला ओळखता आले नाही, आणि त्या अज्ञानाच्या बळावर ज्याने दुसऱ्याला खोटारडे ठरवले, असा माणूस. मी पाऊण तास शब्द शोधत होतो. सापडले ते असे : ‘सदर पत्रे कु. वालावलकर यांनी लिहिली असल्याचा पुरावा अपुरा आहे.’ त्यात असत्य एक अक्षर नव्हते. तिची सुटका होत होती, आणि माझा उल्लेखही नव्हता. हे वाक्य मी तीनदा वाचले आणि सही केली.

चार वाजता आम्ही तिघे शिरोळकरांच्या खोलीत बसलो. हेमांगीने आपली पर्स बरोबर आणली होती आणि तिच्या टेबलावरचे रोपटेही. कुंडी मांडीवर धरून ती बसली.

"झाड कशाला आणलंस?" शिरोळकरांनी विचारले.

"पुन्हा वर यायला लागू नये म्हणून."

शिरोळकरांनी माझे निवेदन वाचले. एका ओळीचे होते. तरी त्यांना वेळ लागला.

"सकाळी तर चालीवरून माणूस ओळखत होतात."

"पुनर्विचार केला."

"म्हणजे पुरावा आहे, पण थोडा कमी पडतोय. असंच ना? शब्दांचे जाणकार तुम्ही."

मी गप्प राहिलो. त्यांनी ते होकार म्हणून घेतले. माझ्या वाक्याचा तो अर्थ निघत होता आणि तसाच निघावा अशी मी सोय केलेली होती, हे मला त्या क्षणी दिसले.

"मला पूर्ण पुरावा लागत नाही, नाडगौडा. हे कोर्ट नव्हे. ज्याच्याबद्दल संशय आहे तो माणूस मी रोज समोर बघू शकत नाही." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "हेमांगी, वाईट वाटतं. काम तुझं चांगलं होतं. सोमवारी येऊ नकोस."

ती उठली. कुंडी एका हातात घेऊन तिने दुसऱ्या हाताने खुर्ची जागेवर सरकवली. मग ती माझ्याकडे वळली.

"सर, एक विचारू? कागदावर काय लिहिलंय ते ऐकलं मी. तुम्हाला काय वाटतं?"

"पत्रे मी लिहिली," मी म्हणालो.

शिरोळकरांनी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा उचलला. हेमांगीने सरकवलेली खुर्ची पुन्हा धरली.

"खाली बस," मी तिला म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी खिल्लारे नावाच्या गृहस्थांना मी एक नमुना पाठवला. त्यांनी तो वाटला. ही पत्रे त्याच्या प्रती आहेत. मी त्यांना अडीच वाजता फोन केला होता. जावक वहीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात. हिचा त्यात काडीचाही संबंध नाही."

"अडीच वाजता?" हेमांगीने विचारले.

"अडीच वाजता."

शिरोळकर आधी हसले. मोठ्याने, खुर्ची मागे झुकवून हसले. "म्हणजे सकाळपासून तुम्ही स्वतःलाच पकडत होतात! आणि पकडलंत की हो! चाल बरोबर ओळखलीत, पाय तेवढे चुकले!" मग हसू ओसरले आणि ते व्यवहारावर आले. "ठीक. हेमांगी, तुझा प्रश्न मिटला. झाड जागेवर ठेव. पण आकडा बदलत नाही. सारखा मजकूर, एक मागणी. तिसरा नियम. नाडगौडा, अर्धा तास भांडून तुम्हीच पास करून घेतलाय."

"मजकूर सारखा नाही."

"आत्ता तुम्हीच म्हणालात, प्रती आहेत म्हणून."

"तीन परिच्छेद माझे आहेत. ते सोडून द्या. त्याखाली त्यांचे आहे. ते मी मोजताना वाचले नव्हते."

"का?"

"अक्षर वाईट होते," मी म्हणालो. मग, तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हते म्हणून म्हणालो, "आणि वाक्ये वाईट होती."

मी गठ्ठा घेऊन आलो. उभ्यानेच वाचायला लागलो.

"‘निराधार पेन्शनसाठी बाई आली. नाव भरलं. कागद कोरा. परत आली परत कोरा. आता ती माझ्याकडं येत नाही दुसऱ्याकडं पण जात नाही. शेषराव गुंजाळ.’

"‘पोरीच्या वसतिगृहाचा अर्ज होता तारीख हुकली. बाप काही बोलला नाही नुसता बाकड्यावर बसून राहिला संध्याकाळपर्यंत. निवृत्ती सानप.’

"‘मी पेनानं भरून दिलं तर खाडाखोड म्हणून नाही घेतलं. मला सांगा मी काय करू. रुक्साना शेख.’

"‘गिऱ्हाईक म्हणतं कोरा कागद देऊन फसवतो. पडद्यावर मी दाखवतो बघा नाव हाय. ते म्हणतं पडदा घेऊन जाऊ का साहेबाकडं. मी चोर नाही. दौलत खिल्लारे.’"

"पुरे," शिरोळकर हात पुढे करून म्हणाले.

"चौऱ्याहत्तर आहेत."

"कळलं मला. पुरे म्हटलं, नाडगौडा."

"वाचू द्या त्यांना," हेमांगी म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. शिरोळकरांनी तिच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. मी वाचत राहिलो. काही ओळींना कर्ता नव्हता, काहींना शेवट नव्हता. माझी जीभ सवयीने एक-दोनदा शब्द सावरायला गेली. तेव्हा हेमांगीने मान वर केली, आणि मी ती ओळ पुन्हा, कागदावर होती तशी, वाचली. एकाने फक्त एवढेच लिहिले होते : ‘वरील प्रमाणे. जास्त काय लिहू.’ तेही वाचले. चाळीस मिनिटे लागली. मध्ये कोणीतरी दार उघडून आत डोकावले आणि तसेच परत गेले.

शेवटचे पत्र खाली ठेवले तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. शिरोळकरांनी मोजणीचा तक्ता पुढे ओढला. दोनशे बेचाळीसवर रेघ मारली, तीनशे पंधरा लिहिले आणि सही केली.

"दिवाळीपर्यंत जमेल?" त्यांनी तिला विचारले.

"दोन माणसं दिलीत तर."

"एक देतो."

"दोन."

"बघतो," ते म्हणाले, आणि गाडीची किल्ली उचलून बाहेर पडले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला की ठेवायला जाऊन मागे घेतला, ते मला नीट आठवत नाही.

खोलीत आम्ही दोघे राहिलो. हेमांगी पत्रांच्या कडा सारख्या करत होती. मी क्षमेचे वाक्य जुळवत होतो. पहिला अर्धा भाग तयार झालाही होता.

"सर," तिने वर न पाहता विचारले, "साहेबांनी तुमच्या त्या कागदावर मला सोडून दिलं असतं, म्हणाले असते की पुरावा अपुरा आहे, जा कामाला लाग, तर? मी इथे राहिले असते. सगळे जन्मभर तिरक्या नजरेनं बघत राहिले असते. तेव्हा तुम्ही बोलला असतात?"

वादात मी कधी वेळ मागून घेतलेला नाही. त्या दिवशीही घेतला नाही.

"नाही," मी म्हणालो.

मी याला जोडून आणखी काही म्हणेन, म्हणून ती थोडी थांबली. जोडण्यासारखे पुष्कळ होते, आणि चांगले जुळलेले होते. मी ते बोललो नाही. तिने पत्रांचा गठ्ठा पर्सच्या पट्ट्याखाली काखेत धरला आणि कुंडी उचलली.

"ही पत्रं आता माझ्याकडे राहतील," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन कामाला बसली.